लाल मोज्यांचा दिवस

२१ ऑक्टोबर २०१७

लिही. मी सिनेमात आहे.

हसू नकोस, लिही म्हणते ना! ही श्रावणी आमच्या बेसमेंटमधली भाडेकरू. नाशिकची, इथे कॅनडात एटोबिकोला कॉलेजात शिकते. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि ती लिहिते. बदल्यात आल्याचा चहा. आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही, अशी शपथ.

सिनेमा ईशिताचा, माझ्या नातीचा. तिचा बँड आहे, चार पोरं गॅरेजमध्ये बडवत बसतात. आता तिला कॅल्गरीला तेलाच्या कंपनीत नोकरी लागली. म्हणजे बँड मोडणार. मोडायच्या आधी एक सिनेमा काढायचा, असं ठरलंय. सगळा विनोदी. गोष्ट एकाच दिवसाची — संध्याकाळी बँडचा मोठा कार्यक्रम आणि सकाळपासून नुसती धावाधाव. व्हॅन बंद पडते, ड्रम हरवतो, मग म्हातारी हरवते.

म्हातारी मी. हरवायचं काम मला जमेल म्हणतात. जमेलच. मॉलमध्ये सराव झालाय.

२३ ऑक्टोबर

सिनेमातला एक दिवस काढायला किती दिवस लागतात, बाई! आणि दिवस एकच, म्हणून रोज कपडेही तेच. जांभळं पातळ, वर नंदनचं काळं जाकीट — नंदन म्हणजे माझा मुलगा, ईशिताचा बाप — आणि पायात लाल मोजे. ड्रम वाजवणारा ऋषी रोज फोनमधला पहिल्या दिवशीचा फोटो माझ्याशी ताडून बघतो. मला बघायला आलेल्या माणसांनीसुद्धा इतकं निरखलं नव्हतं.

कॅमेरा वीणा धरते, ईशिताची मैत्रीण. त्यावर लाल दिवा लागला की पळायचं. तेवढं मला वाचता येतं.

आज इंडियन ग्रोसरीत भेंडीच्या मागे लपले. चौघं शोधत सुटली. ईशिता म्हणाली, "आज्जी, डोन्ट लुक ॲट द कॅमेरा." कॅमेऱ्याकडे कोण बघतंय? मी तिच्याकडे बघत होते.

२६ ऑक्टोबर

घोळ केला. सुनेने लाल मोजे धुवायला टाकलेले, मी आपले राखाडी चढवले आणि अख्खी दुपार व्हॅनमागे पळाले. पळाले कसली, व्हॅनच माझ्या चालीने चालवत होते. सगळं झाल्यावर ऋषीने फोनमधला फोटो ताडून बघितला. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. सीन परत शूट करायचा!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी ऐकलं, ईशिता नंदनला सांगत होती की कॅल्गरीचं तिकीट तिने पुढे ढकललं.

मग जरा बरं वाटलं.

३० ऑक्टोबर

आज नाकातली चमकी घालायला विसरले, असं मी सगळ्यांना सांगितलं. चमकी पदराच्या गाठीत होती.

श्रावणीचं पेन थांबलं. म्हटलं, लिही मुकाट्याने, नाहीतर नंदनला सांगून भाडं वाढवीन.

परत शूट. तिकीट परत पुढे.

२ नोव्हेंबर

ईशिता जन्मली तेव्हा मी कराडहून आले. महिनाभरासाठी, असं सांगून. आईबाप कामाला जायचे, ही माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची. सोडवायला गेलं की जागी. मी तशीच बसून राहायचे, भाजी करपायची. पुढे शाळेत गेली आणि इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं. आमचं काही अडलं नाही. मग युनिव्हर्सिटी. घरी यायची ती कपड्यांचं गाठोडं घेऊन, मशीन लावायची आणि फोनमध्ये डोकं.

आता बघा. रोज माझ्या जाकिटाची चेन लावते. रस्ता ओलांडताना हात धरते. सिनेमात सकाळपासून ती मला शोधते — पार्किंगमध्ये, बसस्टॉपवर, देवळाच्या किचनमध्ये. "आज्जी! आज्जी!" मी मुद्दाम जरा उशिरा ओ देते. अजून एकदा ऐकू यावं म्हणून.

कॅल्गरीत कोणाला शोधणार ती?

४ नोव्हेंबर

चष्मा बदलला. परत शूट.

६ नोव्हेंबर

नंदन चिडला. येत्या सोमवारी ती रुजू व्हायची, अजून राहायला खोली बघितलेली नाही. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आई, तिचं नुकसान होतंय, कळतंय ना तुला?"

कळतंय. ओरडला असता तर उत्तर दिलं असतं. उद्यापासून सगळं जिथल्या तिथे घालीन.

७ नोव्हेंबर

हात राखाडी मोज्यांकडेच गेला. माझा नव्हेच तो हात.

ऋषीने फोटो बघितला आणि तोंड फिरवलं. खोकला आला म्हणाला. हल्ली वीणा हातानेच खूण करते, तशी पळाले. पळताना बघितलं, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला नव्हता. वीणाला सांगितलं तर म्हणते, "इट्स फाइन, आज्जी." थकला असेल कॅमेरापण.

१० नोव्हेंबर

बर्फ पडला.

दुपारी चारच्या सीनला हिरवळ आणि साडेचारला बर्फ, असा कुठला दिवस असतो? संपलं. ऋषीने ड्रम गाडीत भरले. नंदन ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने ओढत होता. मी जांभळ्या पातळाची घडी घातली, मोडली, परत घातली.

१२ नोव्हेंबर

विमानतळावर तिला सोडून आले.

चेन लावायला वाकली आणि तिला माझे लाल मोजे दिसले. हसायलाच लागली. मग म्हणाली, चमकीच्या दिवसापासून कॅमेरा बंद होता. सिनेमा त्याआधीच पुरा झाला होता. पदराची गाठही तिला दिसली होती.

म्हटलं, "मग मला रोज पळवलंस कशाला, भवाने?"

मराठीत म्हणाली. वाकडीतिकडी नाही, नीट. "दिवस संपला असता, आज्जी."

बॅग ओढत आत गेली. लोकांच्या गर्दीत पार दिसेनाशी झाली, आणि मग पलीकडून हाक आली — आज्जी!

या खेपेला मी लगेच ओ दिली.