सातवी बाटली

४ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. खोली बघून एकटाच हसत सुटलो. खाट आहे, खिडकी आहे, खिडकीला चक्क काच आहे. मागच्या कामावर पत्र्याच्या शेडमध्ये एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं, असे झोपायचो. इथे मी राजा.

ही वही ताईने दिली. अक्षरंही तिनेच शिकवली, शाळेत मी टिकलोच कुठे! म्हणाली, राग आला की हात उगारायच्या आधी यात लिहीत जा, निदान नोकरी तरी टिकेल. आजवरच्या सगळ्या नोकऱ्या माझ्या रागाने खाल्ल्या. मुकादमाच्या कानाखाली वाजवली, त्याचं मात्र मला अजून वाईट वाटत नाही.

काम हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. ट्यूब धुवायच्या, वॉर्डातून नमुने आणायचे, फरशी पुसायची. कारभार एकाच बाईंच्या हातात, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. गोड बोलतात. चहा स्वतः करून दिला. मी तीन चमचे साखर मागितली तर हसल्या. आधीचा पोरगा बिनसाखरेचा प्यायचा म्हणे. पीत असेल बिचारा.

ही नोकरी धरली ती ताईसाठी. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. तिचं रक्त बाळाच्या रक्ताशी भांडलं, असं डॉक्टर म्हणाले. आता पुन्हा दिवस गेलेत. मार्चमध्ये इथेच बाळंत होणार. रक्त लागलं तर जवळजवळ कुणाचंच तिला चालत नाही. माझं चालतं. दोन्ही नमुने इथेच जुळवून झालेत. निघताना दाजींनी बजावलं, "शालकबुवा, कुणाचंही डोकं फोडा, स्वतःचं फोडून घेऊ नका. तुमच्या अंगातलं रक्त आता आमचं आहे."

७ फेब्रुवारी

काम डोक्यात बसायला लागलं. बाईंनी समजावलं ते माझ्या भाषेत लिहितो. रक्तातल्या तांबड्या पेशींवर खुणा असतात. आपल्यावर नसलेली खूण बाहेरून अंगात शिरली, की रक्त तिच्यावर पहारेकरी सोडतं. त्याला अँटीबॉडी म्हणतात. कुणाच्या रक्तात कसले पहारेकरी आहेत, ते आम्ही शोधतो.

त्यासाठी एक पेटी आहे. तिच्यात अकरा बाटल्या, प्रत्येकीत एकेका माणसाच्या पेशी. पेशंटच्या रक्तावरचं पिवळं पाणी घ्यायचं, प्रत्येक बाटलीतल्या थेंबाशी मिसळायचं, कोमट ठेवायचं, धुवायचं, यंत्रात गरगरा फिरवायचं. मग ट्यूब हलकेच हलवायची. तांबडं मोकळं झालं तर दोघांचं पटतंय. गुठळी राहिली तर भांडण. बारीकसारीक भांडण एक प्लस, कडाक्याचं चार प्लस. चार प्लसची गुठळी काही केल्या फुटत नाही. मला ती बघताक्षणी आवडली. आपल्याच घरातली वाटली. ताईचं पिवळं पाणी अकराच्या अकरा बाटल्यांशी चार प्लस भांडतं. माझी ताई!

बाटल्या महिन्याभरात काळपट पडतात, मग नव्या येतात. सातवी तेवढी बदलत नाही. तिच्यातली खूण दुसऱ्या कुणाच्याच रक्तावर मिळत नाही, असं बाई म्हणाल्या. ते आधीच्या पोराचं रक्त. त्याला सगळे थंड्या म्हणायचे. कधी आवाज चढवला नाही, सांगितलेलं ऐकायचा.

एक गंमत. फ्रीजमध्ये ठेवल्यावर सगळ्या बाटल्यांत तांबडं तळाला बसतं. सातवीत बसत नाही. कुणीतरी आत्ताच हलवून ठेवल्यासारखी दिसते.

११ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं. सातव्या बाटलीच्या ट्यूब नव्या माणसाने उघड्या हातांनी धुवायच्या, असा इथला रिवाज. हातमोज्यातून काच निसटते म्हणे. मग आठवीची काय चिकटून बसते? असं तोंडावर विचारलं, तर बाई नुसत्या हसल्या. ट्यूबचा काठ तडकलेला होता. कचकन बोटात घुसला. माझं रक्त आणि ट्यूबमधलं, दोन्ही एकाच हातावर.

शिव्या दिल्या. बाईंना नाही, पण त्यांना ऐकू जातील अशा. त्यांनी शांतपणे पट्टी बांधली आणि म्हणाल्या, भडक्या आहेस रे अगदी. झालं, नाव पडलं. आता हॉस्पिटलभर मी भडक्या.

ताईला फोनवर काही सांगितलं नाही. तिला आठवा संपत आलाय. बाळ लाथा मारतं म्हणाली. मामावर गेलंय.

१९ फेब्रुवारी

लिफ्टवाल्या काकांशी जमलं. दिवसभर वर-खाली करतात आणि म्हणतात, आयुष्यात इतकी प्रगती कुणीच केली नसेल. आज नमुने घेऊन जाताना मी म्हणालो, तुमच्या त्या थंड्यासारखं व्हायचं मला काही जमणार नाही. काकांनी लिफ्ट मध्येच थांबवली. थंड्या आला तेव्हा थंड नव्हता, म्हणाले. पहिल्याच आठवड्यात त्याने लिफ्टच्या दाराला लाथ घातली होती. पोचा दाखवला. माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे.

मग थंड कसा झाला? हळूहळू, म्हणाले. शेवटी शेवटी फ्रीजशेजारच्या खुर्चीत बसून असायचा. बाई म्हणतील तेव्हा दंड पुढे करायचा. मग एक दिवस खुर्ची रिकामी. कुठे गेला विचारलं, तर काका म्हणाले, मी माणसं वर नेतो बाबा, तळमजल्याचं मला विचारू नकोस.

पोच्यावर हात फिरवला. उगाच.

२६ फेब्रुवारी

रागाने पेनचं टोक कागदात रुततंय. बाईंनी माझं रक्त पेटीवर लावून बघितलं. मला न विचारता! दहा बाटल्यांशी काही नाही. सातवीशी एक प्लस. म्हणजे थंड्याचं रक्त माझ्या अंगात शिरलंय, आणि माझ्या रक्ताने पहारेकरी उभे केलेत.

मी म्हणालो, तुमच्या त्या फुटक्या ट्यूबमुळे. बाई म्हणाल्या, कसली ट्यूब? पट्टी ज्या बाईने बांधली ती विचारते, कसली ट्यूब! वर म्हणतात, लपवू नकोस, कधीतरी रक्त चढवलं असेल तुला. खोटारडा मी! टेबलावर मूठ आपटली. पेटीतल्या सगळ्या बाटल्या हलल्या. सातवी हलली नाही.

आणि बाईंच्या चेहऱ्यावर आनंद होता. मी बघितला.

२ मार्च

चार प्लस. स्वतः बघितली ट्यूब. दगडासारखी गुठळी. शाबास रे माझ्या रक्ता. फोड त्याला. हाण.

अंग तापलंय. जेवण जात नाही. सगळ्यांवर खेकसतोय. नोकरी सोडली तर कामगाराची बहीण म्हणून मिळालेला ताईचा फुकट उपचारांचा पास बंद होईल, मग तिला न्यायचं कुठे? दाजींना फोनवर सांगायला गेलो तर म्हणाले, शालकबुवा, पंधरा दिवस कळ काढा, नंतर हव्या तेवढ्या खुर्च्या फेका. त्यांचं काय चुकलं? त्यांना बाळ हवंय. मलाही हवंय.

बाई रोज बोट टोचतात. सातवीत तळाशी थोडंसंच उरलंय. ही बाटली संपता कामा नये, वॉर्डातले किती जीव हिच्यावर तपासले जातात, असं सांगत होत्या. मला वाटलं मला सांगताहेत. बाटलीला सांगत होत्या.

८ मार्च

दोन प्लस.

ताप उतरला. बाई म्हणाल्या, बघ, निवळतंय. मलाही हलकं वाटलं. चहा घेतला, गप्पा मारल्या. कप धुताना लक्षात आलं, साखर घातलीच नव्हती. आणि मला कळलंही नव्हतं.

कप भिंतीवर फेकला. फेकायला हवा म्हणून फेकला. आतून नाही.

१२ मार्च

ताई आली. पाय सुजलेत, तरी जिना चढताना मलाच दम देत होती, की वाळलास केवढा, खातोस की नाही. मग माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, एवढा गप्प का रे? कुणाला मारून आलास का?

बाईंनी माझी पिशवी भरून घेतली. ताईसाठी. मी म्हणालो, पुन्हा जुळवून बघा आधी. म्हणाल्या, फेब्रुवारीत जुळलंय ना, भाऊबहिणीचं रक्त का बदलतं कधी? फेब्रुवारीतल्याच ट्यूबच्या भरवशावर पिशवीला 'जुळलं' अशी चिठ्ठी लावली.

मी जोर धरायला हवा होता. हो बाई म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हो बाई म्हणालो.

१५ मार्च

सातवीशी काही नाही. मोकळं. लालेलाल मोकळं.

बाईंनी डोक्यावरून हात फिरवला.

भांडण मिटलं म्हणजे माझं रक्त जिंकलं, असं आधी वाटलं. मग दिवसभर ट्यूब धूत होतो आणि एकच विचार. पहारेकरी दोनच कारणांनी उठून जातात. चोर पळाला म्हणून. नाहीतर —

नाहीतर चोर घरचा झाला म्हणून.

१६ मार्च

दुपारी बाई जेवायला वर गेल्या तेव्हा केलं. बघून बघून येतं. पिशवीतल्या माझ्या पेशी, ताईच्या रक्तावरचं पिवळं पाणी. कोमट. धुतलं. फिरवलं. हलवलं.

चार प्लस.

ताईचं रक्त माझ्याशी भांडतंय. जिने मला अक्षरं शिकवली. तिच्या रक्ताने मला ओळखलं नाही. मी तो नाहीच आता.

ती पिशवी तिला चढवली तर ती जाईल. बाळही.

बाईंना दाखवलं. त्यांनी ट्यूब उजेडात धरली, खूप वेळ बघितली आणि छान म्हणाल्या. मग माझ्या हातातून घेऊन धुवायच्या टोपलीत टाकली.

मला राग यायला हवा होता. तिथेच. टेबल उलटं करायला हवं होतं. मी टोपली उचलली आणि ट्यूब धुवायला नेल्या.

१७ मार्च

वॉर्डात गेलो होतो ताईला सांगायला. तोंड उघडलं. तिने विचारलं, काय रे? मी म्हणालो, काही नाही, बरी आहेस ना? तो आवाज माझा नव्हता —

दाजी म्हणाले, शालकबुवा सुधारले हो! ताई हसली नाही. माझा हात धरून ठेवला. थंड का, म्हणाली. एकदा तरी ओरड माझ्यावर, म्हणाली.

परत येताना लिफ्टच्या दाराला लाथ मारावी म्हणून पाय उचलला. काका बघत होते. पाय खाली ठेवला.

काका रडले. मी नाही.

१८ मार्च

सकाळपासून ताईला कळा. रक्त जातंय. पिशवी मागवली. काका घेऊन वर गेले. मी त्यांच्या हातात दिली — मीच —

राग आण. राग आण. मुकादम आठव. ती ट्यूब आठव. बाईने खोटारडा ठरवलं तुला. पहिल्या बाळाचं दुपटं ताईने जाळू दिलं नव्हतं, ते आठव. आण राग. भडक्या आहेस ना तू. भडक्या. भडक्या.

आठवतंय सगळं. सगळं आठवतंय आणि काही होत नाही.

फ्रीज उघडा आहे. बाईंनी सातवी काठोकाठ भरली. माझ्या दंडातून. दुखलं नाही. तांबडं तळाला बसत नाही, फिरतंय.

उद्या नवा पोरगा येतोय म्हणे. तापट आहे.

जिना समोर आहे. उठायचं, पळायचं, वर जाऊन ओरडायचं, की पिशवी काढा. एवढंच. उठायचं.

बाईंनी चहा दिला. बरा आहे. खुर्ची पण बरी आहे.

वर कुणीतरी ओरडतंय. ताईचा आवाज. माझं नाव घेतेय. माझं खरं नाव, इथे कुणाला माहीत नाही ते. ताई, मी आलो, ती पिशवी —

बाई म्हणाल्या, बस.

बस