छपराखालचं छत

प्रिय बारक्या,

हे पत्र वाचायच्या आधी एक कर. छतावर असशील तर खाली उतर, कुठेतरी टेकून बस आणि मगच पुढे वाच. हसू नकोस. मला ठाऊक आहे, तू हसणारच. लहानपणी तू झोपाळ्यावर उभा राहून झोके घ्यायचास, मी डोळे गच्च मिटून घ्यायचे आणि तू मला भित्री भागूबाई म्हणत घरभर नाचायचास. कुत्रा दिसला की रस्ता बदलणारी, गॅस बंद केला की नाही बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी तुझी बहीण आता कोणती नवी भीती घेऊन आली, असंच तुला वाटणार. परवा फोनवर मला नीट सांगता आलं नाही. माझा आवाज कापायला लागला आणि तू म्हणालास, झालं, ताईचं सुरू झालं. तुझ्या मागे तुझे विद्यार्थी हसले तेही मला ऐकू आलं. म्हणून लिहायला बसले. कागदावर निदान मध्येच कोणी हसत नाही.

मागच्या आठवड्यात प्रशिक्षण केंद्रांना मान्यता देणाऱ्या आमच्या मंडळाने मला तुझ्याच केंद्राच्या तपासणीला पाठवलं. तू जिथे सौर पॅनेल बसवायला शिकलास आणि पुढे जिथून प्रशिक्षक होऊन बाहेर पडलास, तिथेच. त्यांची मान्यता संपत आली होती, ती पुढे चालू ठेवायची की नाही ते बघायचं होतं. माझा भाऊ तिथे शिकला आहे हे मी आधीच कळवलं होतं. भाऊ आता तिथे नाही ना, मग जा खुशाल, असं उत्तर आलं. सोबत आमचे मुख्य तपासनीस होते, तेच ते, चहात बिस्कीट बुडवून विसरून जाणारे. गाडीत मी त्यांचं डोकं खाल्लं. माझा भाऊ असा आणि माझा भाऊ तसा. शेवटी बिचाऱ्यांनी झोपेचं सोंग घेतलं.

तुझे मास्तर दारातच उभे होते. फार वाळलेत रे. तुझा विषय निघताच त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, असा हात पुन्हा माझ्याकडे आला नाही. मी कसली फुगले म्हणून सांगू! वर्ग झाडूनपुसून लख्ख, अवजारं भिंतीवर आपापल्या जागी टांगलेली, दोऱ्या आणि पट्टे नवेकोरे. मुख्य तपासनीस एकेका रकान्यात बरोबरची खूण करत चालले होते. मलाही वाटलं, दुपारच्या आत काम उरकेल आणि वाटेत तुझ्याकडे येऊन तुझ्या लेकीला, चिमणीला भेटता येईल.

मग आम्ही मागच्या बाजूला सरावाच्या छतावर गेलो. ते काही तुला मी सांगायला नको. उतरतं पत्र्याचं छत, त्यावर पॅनेलच्या ओळी, खाली बटणांची पेटी आणि या सगळ्यावर ती मोठी शेड. तुम्ही मुलं त्याला छपराखालचं छत म्हणायचात ना? मास्तरांनीच मला सांगितलं. पूर्वी म्हणे ते उघड्यावर होतं. एका विद्यार्थ्याला झटका बसून त्याचा हात भाजला, तेव्हा मास्तर स्वतः त्याच्या उशाशी बसून राहिले, आणि नंतर संस्थेच्या हात धुऊन मागे लागून त्यांनी ती शेड उभी करून घेतली. पोरांना ऊन लागायला नको, भिजायला नको, झटका बसायला नको. सांगताना त्यांचा चेहरा मायेने भरून आला होता.

एका मुलीने करून दाखवलं. चुणचुणीत होती. पट्टा नीट बांधला, दोरी अडकवली, चढली, खालचं बटण बंद आहे म्हणून ओरडून सांगितलं. मग खणखणीत आवाजात म्हणाली, मीटर लावला, शून्य! आणि दोन पॅनेलमधली जोडणी तिने हाताने ओढून सोडवली. प्रवाह मोजायचा मीटर तिच्या कमरेच्या पिशवीतच होता. मला वाटलं, आम्ही समोर उभे म्हणून पोरगी गडबडली असेल. मग दुसरा चढला, त्याच्यानंतर आणखी एक. सगळ्यांनी शून्य म्हटलं, मीटर एकानेही बाहेर काढला नाही. मी मास्तरांना विचारलं, तर ते अगदी निरागसपणे म्हणाले, इथे कायम शून्यच येतं, मग नुसतं म्हणायची सवय लावली की क्रम विसरत नाहीत.

सावलीतल्या त्या पॅनेलमध्ये प्रवाह असा नसतोच रे. उन्हातल्या पॅनेलला बटण नसतं, ऊन आहे तोवर ते जिवंत असतं, हे तूच तर वर्गात शिकवतोस. खालचं बटण बंद केलं आणि वर कुठे तार सोलून पत्र्याला टेकलेली असली, तर प्रवाह चालूच राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त मीटर सांगतो. अशा वेळी जोडणी ओढली तर ठिणगी पडून विझत नाही, ती तुटलेल्या दोन टोकांमध्ये जळत राहते, हाताशी, तोंडाशी, आणि माणूस छताच्या कडेला उभा असतो. तुमच्या हातांना यातलं काही कधी भेटलेलंच नाही. मास्तरांनी झटका काढून टाकला, आणि त्याबरोबर तुमची भीतीही काढून टाकली.

घरी आल्या आल्या मी तुझा तो व्हिडिओ शोधून काढला. शाळेच्या गच्चीवरचा, भर उन्हातला, जो मी कौतुकाने झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. तू टोपी तिरकी घालून उभा आहेस, शून्य म्हणताना गवयासारखी तान घेतोस, खाली बसलेले विद्यार्थी खिदळतात आणि तू जोडणी ओढतोस. तेव्हा मीही हसले होते. आता मी तो थांबवून थांबवून पाहिला, मीटर कुठे दिसतो का म्हणून. तुझ्या कमरेला पिशवी आहे. तिची चेन लावलेली आहे.

तेव्हापासून सकाळी ऊन चढायला लागलं की मी घड्याळ बघत बसते. लोक ढग आले की कुरकुरतात, मी खिडकीत उभी राहून ढगांची वाट बघते. काल चिमणीने दात पडला हे सांगायला फोन केला आणि मी काय झालं, काय झालं, बाबा कुठे आहे, म्हणून अशी किंचाळले की बिचारी दाताचं विसरून रडायलाच लागली. तुझ्या बायकोला वाटलं मला ताप आहे. तिला मी काही सांगितलं नाही. मी एकटी घाबरले आहे तेवढं पुरे.

तू फोनवर म्हणालास, बरं बाई, काढत जाईन मीटर. पण तो आवाज मी ओळखते. दुधाकडे लक्ष ठेव म्हटल्यावर बघतो म्हणायचास आणि दूध शेगडीभर व्हायचं, तोच आवाज. तू खोटं बोलतोस असं नाही म्हणत मी. पण डोक्याने कबूल केलं तरी हात आपली सवय सोडत नाहीत. आणि तू एकटा असतास तर एक वेळ गोष्ट वेगळी होती. तुझी मुलं तुझ्या तानेसकट ते उचलतात आणि उद्या कुणाकुणाच्या छतावर चढतात. त्यांनाही कुठेतरी बहिणी असतील.

काल मंडळाची बैठक झाली. मुख्य तपासनीस माणूस वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं, केंद्राला मुदत देऊ, छत उन्हात घ्यायला सांगू, आणि आधी बाहेर पडलेल्यांना एक सूचनापत्र पाठवून देऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. गप्प बसणं किती सोपं होतं! तू मुख्य प्रशिक्षक होणार आहेस हे तुझ्या बायकोने मला चोरून सांगितलंय, त्याला धक्का लागला नसता. पण सूचनापत्रांचं तू काय करतोस ते मी तुझ्या टेबलावर पाहिलंय, तू त्यांच्यावर चहाचा कप ठेवतोस. मी उठून उभी राहिले. टेबलाला धरलं. म्हटलं, या केंद्रातून झालेल्या प्रत्येक प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आत्ताच थांबवा. उघड्या उन्हात पुन्हा परीक्षा होईपर्यंत एकालाही वर चढू देऊ नका आणि शिकवूही देऊ नका. मुख्य तपासनीसांनी चष्मा काढला आणि हळूच विचारलं, यात तुमचा भाऊही येतो, लक्षात आहे ना? मी म्हटलं, त्याच्यापासूनच सुरुवात करा.

त्यांनी ऐकलं. उद्या सकाळी तुझ्या संस्थेत मंडळाचा आदेश येईल, कदाचित तुझ्या मुलांच्या देखत तुला छतावरून खाली बोलावतील. हे तुला परक्या माणसाकडून कळायला नको, म्हणून हे पत्र आजच्या आज आमच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती पाठवते आहे. त्या आदेशावर माझी सही आहे. मास्तरांनी माझा फोन घेणं बंद केलं आहे, तूही करशील. कर. बढती गेली तर मला शिव्या दे, चिमणीला माझ्याकडे पाठवू नकोस, जन्मभर अबोला धर. मी सगळं सोसेन रे. फक्त तो अबोला धरायला तू असायला हवास.

तुझीच,
ताई