पिवळे मोजे

२ फेब्रुवारी
ताईचं हिमोग्लोबिन पुन्हा पाचवर. पुन्हा रक्ताची बाटली! अंगावर आहेत तशाच निळ्या गाठी तिच्या आतड्यातही आहेत, त्या आतल्या आत झिरपतात. लाखात एखाद्याला होणारा आजार म्हणे. बरा सापडला त्याला आमच्याच घराचा पत्ता!

डॉक्टर म्हणाले, "गाठी कापून काढू." ताई म्हणते, "माझं पोट म्हणजे काय झगा आहे, उसवून परत शिवायला?" शिंपीणबाईंपुढे कोण बोलणार! मी रागाने जेवलेच नाही.

९ फेब्रुवारी
लहानपणी तिच्या अंगठ्यावरचा निळा डाग मी बेलसारखा दाबायचे. सपाट व्हायचा, मग हळूहळू भरून यायचा. "कोण आहे?" ती विचारायची. आज तिच्या पलंगाशी बसून दाबला. "घरात कुणी नाही," म्हणाली आणि हसली. मला रडूच फुटलं. दर वेळी रक्त मी द्यायचे. आता नववा महिना — तेही नाही.

२७ फेब्रुवारी
मुलगा झाला! पोट कापूनच.

६ मार्च
टाके ओढतात, वाकवत नाही. बाळाला आंघोळ ताईच घालते, धापा टाकत. राहू दे म्हटलं तर, "गप गं! बाळंतीण आहेस, बाळंतिणीसारखी पडून राहा."

आज आंघोळीनंतर बराच वेळ त्याचे पाय पुसत बसली. मग स्वतः विणलेले पिवळे मोजे त्याला चढवले. "काढू नकोस हं, गार लागेल." आणि एकदम — "मी ऑपरेशन करून घेते."

मी गळ्यातच पडले तिच्या. बाळाचा पायगुण!

११ मार्च
ताई डॉक्टरांना विचारत होती, "आणि हे लहानपणीच कळलं असतं तर?" ते म्हणाले, "वेळीच उपचार झाले असते. इतकं रक्त वाया गेलं नसतं." दोनदा वदवून घेतलं त्यांच्याकडून. बिचारी! सगळं बालपण 'आळशी, आळशी' ऐकण्यात गेलं तिचं.

१४ मार्च
सकाळी आत नेलं. जाताना म्हणाली, "डॉक्टर काय काय सांगतात ते नीट ऐकून ठेव. वेंधळी आहेस."

१५ मार्च
ताई गेली. रक्त थांबलंच नाही.
अंगठ्यावरचा डाग दाबला. भरला नाही.

२१ मार्च
इतके दिवस बाळाला नुसतं पुसून घेत होते, मोजे न काढता. तिने सांगितलं होतं म्हणून. आज पहिल्यांदा मी आंघोळ घातली.

डाव्या टाचेवर निळा ठिपका. दाबला. हळूहळू भरून आला.

ताईला माहीत होतं.