मीठ जास्त झालंय

८ मे, गुरुवार
राजारामपुरीत, समुपदेशक बाईंकडे तिसरी खेप. घरी सांगितलंय, दाताच्या डॉक्टरकडे जाते. (दात ठणठणीत.) बाई वयानं माझ्या भाचीएवढ्या, गडहिंग्लजच्या. खुर्चीत टेकता टेकता मी म्हणाले, सॉरी, तुमचा वेळ घेते. तर म्हणतात, "अवो, वेळ घ्यायलाच आलायसा की!"

शाळेचं सांगितलं. मुख्याध्यापक सर ३१ला निवृत्त. सेवाज्येष्ठतेत पुढची मीच. मागच्या वेळी नकार लिहून दिला होता, यंदाही तोच मजकूर डोक्यात तयार.
"व्हय म्हटलासा तर काय हुईल?"
"हसतील."
"कोण?"


गृहपाठ मिळाला. रविवारी ह्यांची आत्या बिद्रीहून जेवायला येणार. ताट वाढताना मी कायम म्हणते, 'आज काही जमलं नाही हं, गोड मानून घ्या.' ते म्हणायचं नाही. काय होईल असं वाटतं ते आधी लिहायचं. बस्स. पाचवीच्या पोरांना तरी याहून अवघड देते मी.

११ मे, रविवार, सकाळ
भाकीत: आत्याबाई नावं ठेवतील. जेवण तसंच राहील. मला रडू येईल.

त्याच दिवशी, दुपार
तांबडा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. ताट ठेवलं. वाक्य जिभेवर आलं, गिळलं. नुसती उभी. आत्याबाईंनी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, "मीठ जास्त झालंय की गं!"

मग त्यांनी वाटी पुढं केली. "बघत काय ऱ्हायलीस? वाढ की आनखी."
मी म्हणाले, "व्हय, झालंय जास्त." वाढलं. त्या पुतण्याच्या लग्नाचं सांगायला लागल्या.
विषय संपला!! मीठ खरंच जास्त होतं, नावं ठेवण्याचं भाकीत खरं ठरलं, आणि काहीसुद्धा झालं नाही. भांडी घासताना सारखं तेच मनात. ह्या एवढ्याशाला मी जन्मभर भ्यायले?

१५ मे
बाईंना सांगितलं. वाटलं शाबासकी देतील. त्यांनी नुसतं विचारलं, मग काय कळलं? म्हटलं, मीठ चुकलं. म्हणजे मीच चुकले, पण अख्खी नाही चुकले.  हे माझ्या तोंडून आलं?

१९ मे
परत ये रे माझ्या मागल्या. शेजारच्या काकू साडी छान म्हणाल्या, मी लगेच, कसली, जुनीच आहे. संध्याकाळभर मनाला लागून राहिलं.

२३ मे
ह्यांना दाताचं खरं सांगून टाकलं. हे पेपरातून डोकं न काढता, "ठाव हाय. दाताच्या डॉक्टरकडनं माणूस हसत येतंय व्हय?"

२८ मे, बुधवार
संस्थेच्या ऑफिसात. सचिव फाईल उघडून तयारच. "बाई, नकाराचा कागद आणलाय न्हवं? द्या, मोकळं हुया."
कागद पर्समध्ये होता. सही करून. 'माझ्याच्यानं व्हायचं नाही' हे वाक्य जिभेवर. पर्सवर हात ठेवून बसले. पंखा कुरकुरत होता. पांढऱ्या रश्श्याची वाटी आठवली, देवाशपथ.
"उद्या सांगते."
त्यांनी पहिल्यांदा मान वर करून नीट बघितलं. "उद्या?"
"व्हय."
कागद अजून पर्समध्येच आहे.

आता भाकीत लिहायला बसले. 'हसतील' लिहिलं, खोडलं. 'जमेल' लिहिलं, तेही खोडलं. आजवर मला पुढचं सगळं आधीच माहीत असायचं, आणि ते वाईटच असायचं. उद्या काय होणार, मला माहीत नाही. बाई गं, केवढं मोठं आहे हे.

हे आतून विचारतायत, आमटीचं मीठ बघितलंस का.
नाही बघितलं. तशीच वाढते.