डोंगऱ्यादेवासाठी आठ दिवसांची रजा

२० नोव्हेंबर २००३, गुरुवार
रजेचा अर्ज दिला. १ ते ८ डिसेंबर. सव्वीस वर्षांच्या नोकरीत सलग आठ दिवस पहिल्यांदाच. साहेबांनी वर न बघता सही केली. धक्का बसला असावा.

अर्जात कारण लिहिलं, धार्मिक. खरं कारण जुनं आहे. मीना सहावीत असताना विषमज्वराने आडवी पडली होती. तेव्हा मी नवस बोललो, पोर उठली तर डोंगऱ्यादेवाला बसेन. मार्गशीर्षात आमच्या पेठकडच्या गावी माणसं आठ दिवस घर सोडून देवाच्या खळ्यात, सारवलेल्या मोकळ्या जागेत, राहतात. एकवेळ जेवण, पायात काही नाही. पौर्णिमेला सगळे डोंगरावर जातात. मीना उठली. तिचं लग्न झालं. तिची मुलगी आता बालवाडीत आहे. मी अजून बसलेलो नाही. कंपनीचं स्टोअर माझ्याकडे आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार
कमळाला सांगितलं, रजा मंजूर झाली. ती म्हणाली, कोणत्या सालची?

गावच्या किराणा दुकानात फोन करून मंगळूदादाला बोलावून घेतलं. खळ्याचं सगळं तोच बघतो. म्हणाला, देव काय म्हातारा होत नाय, मी झालो. औंदा येतोस का परत टांग मारतोस? म्हटलं, यंदा नक्की. फोन ठेवल्यावर बरं वाटलं. निम्मा नवस फिटल्यासारखं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
बद्रुद्दीनला स्टोअर समजावून द्यायला सुरुवात. तो माझा मदतनीस. म्हणाला, भाऊ, अकरा साल झाले, खिडकीवर मीच उभा असतो, तुम्ही आत रजिस्टर लिहिता. म्हटलं, तरी ऐक. ड्रिल कुठल्या कप्प्यात, टॅप कुठल्या कप्प्यात, सगळं सांगितलं. दोनदा तोच माझ्या आधी बोलला. घाईचा स्वभाव. अशा माणसावर आठ दिवस सोपवायचे म्हणजे काळजीच.

३० नोव्हेंबर, रविवार
कमळाने घोंगडी, तांदूळ, नारळ बांधून ठेवले. उद्या सकाळची एस.टी. जाता जाता कंपनीत पाच मिनिटं डोकावणार. कंपनीचं सातपूर एका दिशेला, पेठचा रस्ता दुसऱ्या. कमळा म्हणाली, हे जाता जाता कसं काय? बायकांना शहराचा नकाशा कळत नाही.

१ डिसेंबर, सोमवार
गेटवर वॉचमन म्हणाला, तुम्ही रजेवर, कार्ड पंच होणार नाही. मग व्हिजिटरच्या वहीत सही केली. कोणाला भेटायचं? स्टोअर. काम? खासगी. संध्याकाळी साडेचारला बाहेर पडलो. एस.टी. चुकली.

पण नवस मोडलेला नाही. विचार करून तोड काढली. सकाळीच चपला घरी ठेवून निघालो होतो. दुपारचा डबा खाल्ला नाही. खळ्यात बसायचं ते स्टोअरमध्ये बसलो, एवढाच फरक. देव भाव बघतो. पहिला दिवस व्यवस्थित झाला.

२ डिसेंबर, मंगळवार
दुसरा दिवसही झाला. बद्रुद्दीन म्हणाला, भाऊ, तुम्ही रजेवर आहात तर माझ्या खुर्चीवर का बसता? पाहुण्यांची तिकडे आहे. जागा बदलून बसलो. दिवसभरात मला कोणी काही विचारलं नाही. माझी शिकवणी कामी आलेली दिसते. उद्या नक्की निघायचं.

४ डिसेंबर, गुरुवार
काल निघणं झालं नाही. कारण आता आठवत नाही, पण होतं.

सकाळी कंपनीत निघताना शेजारच्यांच्या फोनवर दादाचा निरोप. कुठवर आलास? कमळाने विचारलं, काय सांगू? म्हटलं, सांग, वाटेत आहे. ती माझ्या पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुमची रजा अशीच वाया चाललीय, मीच वापरते. घोंगडी, तांदूळ, नारळ उचलून एस.टी. स्टँडवर गेली. मी सोडायला जाणार होतो. ती म्हणाली, राहू द्या, तुमचं स्टोअर उघडं असेल.

घर शांत आहे. चहा केला. पातेलं कुठे ठेवायचं ते कळलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार
टाचेत लोखंडाचा कीस घुसला. बरंच रक्त. साहेब स्वतः आले. म्हणाले, अहो, रजेवरचा माणूस अनवाणी शॉपमध्ये काय करतोय? उद्या काही झालं तर मी काय लिहून देऊ? घरी जा. गेटवर सांगून ठेवलं, यांना नऊ तारखेपर्यंत आत सोडायचं नाही. वॉचमनने मान हलवली. तोही गंभीर होता.

कंपनीत माझी एवढी काळजी घेतात हे माहीत नव्हतं.

७ डिसेंबर, रविवार
काल दिवसभर पडून. आज गावी पोचलो. खळ्यात माणसं ओळीने बसलेली. दादाच्या शेजारी एक जागा मोकळी असेल असं वाटलं होतं. तिथे आमचे जावई, मीनाचा नवरा सुनील. दाढी वाढलेली, पाय फुटलेले. एक तारखेलाच आला होता. मीनानेच पाठवलं, बाबा यायचे नाहीत म्हणून. बिनपगारी रजा काढून आलाय.

मी दादाला म्हटलं, मीही पहिल्या तारखेपासून पाळतोय, एकवेळ, अनवाणी. दादाने विचारलं, कुठं? म्हटलं, स्टोअरमध्ये. तो हसला नाही. म्हणाला, मधूनच कोणाला बसवत नाय. आणि आता कशाला? पोरीचा नवस पोरीच्या नवऱ्याने फेडला. तू मोकळा झालास.

कमळा चुलीपाशी होती. तिने ताट वाढलं. पायाला हळद लावली.

८ डिसेंबर, सोमवार. पौर्णिमा.
सगळे डोंगराकडे गेले. कमळाही गेली, पायथ्यापर्यंत. माझ्या पायामुळे मला घरी ठेवलं. सुनील जाताना पाया पडला. म्हटलं, सावकाश जा.

ओट्यावर खाट टाकून दिली आहे. ऊन चांगलं आहे. करायला काही नाही. अकराला आडवा झालो, सव्वाअकराला उठलो. पुन्हा आडवा झालो. नवस माझा होता. फिटलाही. देवाला माणूस बदलल्याचं काही वाटलेलं दिसत नाही.

निघताना दादाने विचारलं होतं, किती दिवस हाईस? म्हटलं, रजा आजच संपते. तो म्हणाला, मग उद्या पहिल्या गाडीने नीघ बाबा, तुझ्यावाचून तिकडं सगळं अडलं आसंल.

मी हो म्हटलं.

तिकडे काही अडलेलं नाही. हे त्याला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो.