पाणी द्यायला हात लागतो

थोरल्या,

तुझी भरून ठेवलेली पिशवी शोधू नकोस, मी नेली आहे. चर्चच्या एकांत प्रार्थनेला तुझ्या जागी मी जाते. पाळकांना फोन करून तसं कळवलं आहे.

काल बाबा पाणी पाणी करत होते. तू दारातच बायबल घेऊन बसलेला, हलला नाहीस. विचारलं तर कागदावर लिहून दाखवलंस, उपास आहे, मौन आहे. अरे शहाण्या, पाणी द्यायला तोंड नाही, हात लागतो. शेवटी साबणाच्या हातांनी मीच धावले.

प्रभूने शिष्यांचे धुतले म्हणून तू चर्चमध्ये परक्यांचे पाय धुतलेस, तेही घरून धुऊन आलेले. बापाची वाढलेली नखं कधी दिसली का?

पातळ भात गॅसवर आहे, निववून बाबांना भरव. त्यांची कूस बदलत राहा, पाठीला जखम होते आहे. चादर ओली झाली तर नाक मुरडू नकोस. मी रविवारी येईन.

उपास मोडू नकोस, मौनही पाळ. बाबांनाही आता पाण्याशिवाय दुसरा शब्द येत नाही. तुमचं दोघांचं जमेल.

आई