काळी बाजू वर

३ मार्च
सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मी चादर पिळत होते, दूध चुलीवर होतं, आणि हे पाळीवरून आले ते रुमालात चकती घेऊन. बशीएवढी, काळी, मधोमध तडा गेलेली. एका बाजूने हवा, दुसऱ्या बाजूने हायड्रोजन दिला की वीज करणारी चकती — ह्यांच्या कारखान्यात तीच बनायची. "भट्टी तापलेली असताना मी गॅस बंद केला म्हणतो धाकटा. खोटं आहे गं!" धाकटा म्हणजे माझे दीर, त्याच पाळीत. दूध उतू गेलं. नोकरीही गेली. चकती ह्यांनी माझ्या सुईदोऱ्याच्या डबीवर चिकटवली, काळी बाजू वर. "चांगली दिसते," म्हणाले.
भाऊजींशी बोलून सहा वर्षं झाली. ह्यांना जाऊन चार.
आज पुतणी आली. "काकू, सात तारखेला बाबांचं हृदयाचं ऑपरेशन. सारखं तुमचं नाव काढतात."
"आधी खोटं बोललो म्हणायला सांग."
एवढंसं तोंड करून गेली.

४ मार्च
वाचनालयातून असल्या चकत्यांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "मावशी, हे स्वयंपाकाचं नाही बरं!" म्हटलं, "भट्टीचं आहे ना? मग माझंच."

५ मार्च
शब्दकोश मांडीवर. चकतीला तीन थर. वर काळा, हवेचा. मध्ये पांढरा, चिनीमातीसारख्या झिर्कोनियाचा. खाली निकेलचा, गॅसचा, म्हणजे हायड्रोजनचा. निकेलची भुकटी मुळात हिरवी. तापवून हायड्रोजन दिला की करडी होते. त्या उष्णतेत गॅस तुटला की हवा शिरते, निकेल पुन्हा हिरवं होतं, फुगतं — आणि तडा!
म्हणजे पुरावा माझ्या डबीवरच! खालची बाजू करडी निघू दे, म्हणजे गॅस तुटलाच नव्हता; भाऊजींच्या तोंडावरच मारते.

६ मार्च
चकती डबीवरून सुरीने निघेना. गरम पाण्यात ठेवली. कड सुटली.
हिरवी.
धुतली, घासली. हिरवीच! शेवाळासारखी.
ह्यांना ठाऊक होतं. वीस वर्षं हेच काम केलेलं माणूस! म्हणून काळी बाजू वर. आणि मी रोज त्याच डबीतून दोरा काढत बसले.
ह्यांच्या शेवटच्या आठवड्यात भाऊजी दारात आले होते. "वहिनी, एकदा बघू द्या दादाला." मी कडी लावली. आत हे तीनदा विचारत होते, "तो आला का?" मला वाटलं, रागाने. म्हटलं, "काळजी करू नका, आत पाऊल टाकू देणार नाही."
ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

७ मार्च
सकाळी सातला इस्पितळात गेले. भाऊजींच्या हातात चकती ठेवली — हिरवी बाजू वर.